पेट्रोलच्या वाफेची गळती : शोध आणि दुरुस्ती

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत होळी झाली की उन्हाची धार वाढू लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि प्रसंगी त्याच्याही पुढे जातो. अशा दिवसांत दुपारभर उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारीचे दार उघडताच पेट्रोलचा उग्र दर्प येतो, ही तक्रार या भागातील वाहनधारकांना नवी नाही. ऊनच एवढे आहे, वास यायचाच, अशी समजूत करून घेऊन बहुतेक जण तिकडे दुर्लक्ष करतात. ही समजूत एके काळी बरोबर होती. आता ती बरोबर राहिलेली नाही. गेल्या पंचवीसएक वर्षांत तयार झालेली पेट्रोल मोटार सुस्थितीत असेल, तर भर वैशाखातही तिला असा वास येता कामा नये. वास येतो याचा अर्थ वाफ बाहेर पडण्याची वाट कोठेतरी मोकळी झाली आहे. ती वाट शोधून काढणे फारसे अवघड नाही. मात्र ते काम क्रमाने करावे लागते. क्रम चुकला की चांगले भाग बदलले जातात, पैसे खर्च होतात आणि वास कायम राहतो.

टाकीचा श्वासोच्छ्वास

पेट्रोल हा एकच एक पदार्थ नव्हे. हलक्या आणि जड अशा अनेक द्रवांचे ते मिश्रण असते. त्यातील अगदी हलके घटक ३५ ते ४० अंशांनाच उकळू लागतात, तर जड घटकांना २०० अंशांपर्यंत उष्णता लागते. म्हणूनच थंडीत इंजिन सुरू होऊ शकते; पण म्हणूनच उन्हाळ्यात टाकीत वाफेचा दाबही वाढतो. टाकी दिवसा तापते, आतील हवा आणि वाफ प्रसरण पावते व बाहेर जाण्यास धडपडते. रात्री टाकी निवते आणि बाहेरची हवा आत ओढून घेते. हा श्वासोच्छ्वास गाडी उभी असतानाही अखंड चालू असतो. त्यामुळे तापमान किती, याइतकेच दिवसरात्रीच्या तापमानांत अंतर किती, हेही महत्त्वाचे ठरते. खानदेशात मार्चमध्ये पहाटे पारा २० अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी ३७-३८ अंशांवर पोहोचतो. मे महिन्यात ऊन अधिक असले, तरी रात्रही उकाड्याचीच असल्याने हे अंतर काहीसे कमी होते. वासाच्या तक्रारी वैशाखाची वाट न पाहता फाल्गुनातच का सुरू होतात, याचे उत्तर यात आहे.

या वाफेचे दोन गुण ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. एक म्हणजे ती हवेच्या तीन-चार पट जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचून राहते. दुसरा गुण असा की, हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के यांच्या दरम्यान असेल, तर एखादी ठिणगीही भडका उडवण्यास पुरेशी होते. पेट्रोलची वाफ पेट घेण्यास उष्णतेची गरज नसते. उणे ४० अंशांतही ती पेट घेऊ शकते. शिवाय तिच्यात बेंझीन हा कर्करोगास कारण होणारा घटक असतो. पेट्रोल थोडे उडून गेल्याने होणारे आर्थिक नुकसान तुलनेने किरकोळच आहे. बंद गॅरेजात किंवा घराच्या ओसरीवर रात्रभर साचणारी वाफ ही खरी चिंतेची बाब होय.

कोळशाच्या डब्याची युक्ती

फियाट आणि अॅम्बेसेडर यांच्या काळात टाकीची वाफ सरळ मोकळ्या हवेत सोडली जाई. कार्बोरेटरमधूनही ती निसटे. उन्हाळ्यात कन्नडचा किंवा कोंडाईबारीचा घाट चढताना नळीतच पेट्रोलची वाफ होऊन इंजिन बंद पडणे आणि मग इंजिनावरील फ्युएल पंपावर ओले फडके टाकून अर्धा तास थांबणे, हा अनुभव त्या पिढीतील अनेक चालकांनी घेतला आहे. त्या काळच्या मोटारीतून बाहेर पडणाऱ्या एकूण हायड्रोकार्बन वायूंपैकी सुमारे पाचवा हिस्सा टाकी आणि कार्बोरेटर यांतील बाष्पीभवनाचा असे.

हे वायू आणि सूर्यप्रकाश यांच्या संयोगाने शहराच्या हवेत ओझोनयुक्त धुरके तयार होते, हे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत लॉस एंजेलिस येथील हवेच्या अभ्यासातून दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्निया राज्याने १९७० च्या मोटारींपासून बाष्पीभवनावर नियंत्रण सक्तीचे केले. त्यासाठी निघालेली युक्ती मोठी साधी आहे. टाकीतील वाफ एका नळीने कोळशाच्या डब्यात नेली जाते. हा सक्रिय कोळसा असतो. त्याच्या कणांत इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की एका ग्रॅममधील पृष्ठभाग पसरला तर तो हजारेक चौरस मीटर भरेल. या पृष्ठभागाला वाफ चिकटून राहते. इंजिन चालू होऊन गरम झाले की डबा व इंजिन यांच्यामधील पर्ज व्हॉल्व्ह नावाची झडप उघडते, इंजिनाच्या ओढीने बाहेरची स्वच्छ हवा कोळशातून खेचली जाते आणि चिकटलेली वाफ तिच्याबरोबर इंजिनात जाऊन जळते. डबा रिकामा होतो व पुन्हा वाफ साठवण्यास सिद्ध होतो.

आपल्या देशातील भारत स्टेज मानके युरोपीय मानकांच्या धर्तीवर आहेत. मोटार हवाबंद खोलीत ठेवून तिच्यातून एकूण किती वाफ निसटते हे मोजले जाते आणि ती एका चाचणीत दोन ग्रॅमपेक्षा अधिक असून चालत नाही. अशा चाचणीची सोय पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या सहाव्या टप्प्यात दुचाकींनाही बाष्पीभवनाची मर्यादा आहे. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. युरोपीय पद्धतीच्या चोवीस तासांच्या चाचणीत खोलीचे तापमान २० ते ३५ अंशांच्या दरम्यान फिरवले जाते. जळगावची दुपार या कमाल मर्यादेच्या दहा अंश पुढे असते. कारखान्यातून निघालेल्या नव्या गाडीत हा भार पेलण्याइतका वाव असतो. दहा वर्षे उन्हात तापलेल्या रबरी नळ्यांत तो उरत नाही.

दिवा लागत नाही, प्रमाणपत्र मिळते

वाफ गळत असेल तर इंजिनाचा पिवळा दिवा लागेलच, असा अनेकांचा समज असतो. अमेरिकेतील मोटारी अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राचीही सूचना देतात, कारण तेथील नियमांनुसार संगणक टाकीचा दाब अधूनमधून तपासतो. युरोपीय पद्धतीत अशी गळती तपासण्याची सक्ती नाही आणि आपल्याकडील बहुतेक मोटारींत ती सोय नसते. पर्ज व्हॉल्व्हची तार तुटली तर दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी ०४४३ यासारखा संकेतांक दिसतो. नळीला चीर गेली तर मात्र दिवा गप्प राहतो.

पीयूसी प्रमाणपत्राचेही तसेच आहे. त्या तपासणीत धुराच्या नळीतून निघणारा वायू मोजला जातो. टाकीभोवतालची वाफ त्या यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे पीयूसीत निर्दोष ठरलेली गाडी रात्रभर वाफ सोडत असणे अगदी शक्य आहे. तपासाची पहिली साधने म्हणजे वाहनधारकाचे नाक आणि त्याने ठेवलेली नोंद, हीच होत.

वास केव्हा आणि कोठे येतो

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी वाहनधारकाने आठवडाभर एवढेच पाहावे की वास केव्हा येतो व कोठे अधिक येतो. मिस्त्रीचे निम्मे काम यातच होते.

सर्वप्रथम द्रव गळत नाही ना, याची खात्री करावी. इंजेक्शन पद्धतीच्या गाडीत इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतील पेट्रोल तीन-चार किलो दाबाखाली असते. गाडीखाली ओला डाग असेल, नळीच्या सांध्यावर ओल दिसत असेल किंवा इंजिन चालू असतानाच वास वाढत असेल, तर हा वाफेचा प्रश्न नाही. अशी गाडी सुरू करू नये. ती ओढून न्यावी.

डाग नाही, परंतु मागच्या चाकाजवळ झाकणाच्या बाजूला वास येत असेल, तर टाकीचे झाकण प्रथम पाहावे. झाकणाच्या आतील रबरी कडी उन्हाने कडक होते, तिला बारीक चिरा जातात. नख लावून ती दाबली असता परत फुगून आली नाही, तर ती निकामी समजावी. झाकण फिरवताना टक-टक आवाज येईपर्यंत ते आवळलेले असले पाहिजे. मूळ झाकण हरवल्यावर बाजारातून आणलेले मिळतेजुळते झाकण बसते, पण त्यातील दाब नियंत्रित करणारी झडप वेगळ्या मापाची असू शकते. झाकण उघडताना हलकासा फुस्स आवाज होणे यात काही गैर नाही. झाकणाखालच्या नरसाळ्यासारख्या नळीलाही मागच्या चाकाने उडवलेली काळी माती चिकटून राहते. पावसाळाभर ती ओली राहून गंज चढतो आणि उन्हाळ्यात त्या गंजातून वाफ झिरपते.

गाडीच्या आत, विशेषतः मागच्या आसनाजवळ वास येत असेल, तर आसन उचलून टाकीच्या माथ्यावरील पंपाचे झाकण पाहावे. पंप बदलल्यानंतर ही तक्रार हमखास उद्भवते. पंप काढला की त्याखालची ओ-रिंग नवीन घातली पाहिजे. पेट्रोलने फुगलेली जुनी रिंग खाचेत नीट बसत नाही. ती कशीबशी दाबून वरून डिंकासारखा लेप लावण्याची पद्धत आहे. तो लेप महिन्या-दोन महिन्यांत सुटतो.

टाकी भरल्यानंतरच वास येतो आणि गाडीही लवकर सुरू होत नाही, अशी तक्रार असेल तर रोख कोळशाच्या डब्याकडे आणि पर्ज व्हॉल्व्हकडे वळवावा. याला बहुधा वाहनधारकाचीच एक सवय कारणीभूत असते. पेट्रोल पंपावरील नळी आपोआप बंद झाल्यावरही रुपयांचा आकडा पूर्ण करण्यासाठी आणखी थोडे, आणखी थोडे असे करत टाकी काठोकाठ भरली जाते. टाकीतील वरची रिकामी जागा ही वाफेसाठी राखलेली असते. ती भरली की द्रव पेट्रोलच वाफेच्या नळीतून कोळशात उतरते. कोळसा वाफ शोषण्यासाठी आहे, पेट्रोल पिण्यासाठी नाही. एकदा भिजलेला कोळसा पूर्ववत होईलच असे नाही. त्याचे कण फुटून पर्ज व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात. नळी काढल्यावर काळी रवाळ भुकटी दिसली, तर डबा आणि व्हॉल्व्ह दोन्ही बदलावे लागतात.

पर्ज व्हॉल्व्हची परीक्षा सोपी आहे. इंजिन थंड असताना सुरू करावे, डब्याकडून येणारी नळी व्हॉल्व्हपासून काढावी आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवावे. ओढ जाणवता कामा नये. जाणवली तर व्हॉल्व्ह बंद होत नाही. अशा गाडीचे इंजिन संथ गतीत थरथरते आणि पेट्रोल भरल्यावर अडखळते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर गती वाढवली असता मात्र ठोके पडल्यासारखी ओढ लागली पाहिजे. ती कधीच लागत नसेल, तर डबा कधी रिकामाच होत नाही आणि वाफ त्याच्या श्वासनळीतून बाहेर सांडते. अशा वेळी व्हॉल्व्ह बदलण्यापूर्वी त्याच्यापर्यंत वीज पोहोचते का, हे पाहावे. व्हॉल्व्ह काढून बॅटरीचे १२ व्होल्ट दिल्यास टक् असा आवाज होतो. मात्र ही तपासणी गाडीपासून दूर, मोकळ्या जागी करावी, कारण तारा जोडताना ठिणगी उडते.

डब्याची श्वासनळी हा दुर्लक्षित भाग. तिच्यात रस्त्याची धूळ बसते, आणि भिंतीवर मातीचे घर बांधणारी कुंभारमाशी तिच्या तोंडाशीही घर करते. श्वासनळी तुंबली की टाकीत हवा जात-येत नाही. झाकण उघडताना मोठा आवाज होतो आणि पंपावर पेट्रोल भरताना नळी पुन्हा पुन्हा बंद पडते. ही तक्रार असलेल्या गाडीत नवा भाग घालण्याची गरज बहुधा नसते. साफसफाई पुरते.

नळ्यांचा प्रश्न

जुन्या गाड्यांत सर्वाधिक गळत्या निघतात त्या रबरी नळ्यांच्या टोकांशी, क्लिपच्या कडेला. तपासताना नळी हाताने वाकवून पाहावी. सरळ असताना न दिसणारी चीर वाकवल्यावर उघडते. शेताजवळ किंवा केळीच्या बागांलगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या नळ्याही आढळतात.

अलीकडे त्यात इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२२ साली गाठले आणि २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल मिळू लागले. तेलाची आयात कमी करणे आणि शेतमालाला नवी बाजारपेठ देणे हे या धोरणाचे हेतू आहेत. तथापि इथेनॉल मिसळल्याने वाफेचा दाब काहीसा वाढतो आणि काही जुन्या प्रकारचे रबर फुगते किंवा ठिसूळ होते. २०२३ नंतरच्या गाड्यांत या मिश्रणास टिकणारे भाग वापरलेले असतात. त्यापूर्वीच्या गाडीची नळी बदलताना इथेनॉलयुक्त पेट्रोलसाठी बनवलेलीच नळी मागून घ्यावी. फुटावर मिळणारी पाण्याची किंवा हवेची नळी स्वस्त पडते. पण वाफेने ती लवकरच मऊ होऊन सांध्यातून निसटते.

एलपीजी किंवा सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. अशा गाडीच्या टाकीत पेट्रोल जेमतेम तळाशी असते, म्हणजे वाफेला जागा सर्वांत अधिक. गाडी गॅसवर चालते म्हणून पेट्रोलच्या नळ्यांकडे कोणी पाहत नाही आणि गळती मात्र चालूच राहते.

दाबाची परीक्षा

नजरेला काहीच सापडले नाही, तर धुराची परीक्षा करतात. त्यासाठीचे यंत्र तेलाचा पांढरा धूर अगदी अल्प दाबाने नळ्यांत सोडते आणि चीर असेल तेथून धुराची रेघ वर येते. हा धूर हवेऐवजी नायट्रोजनबरोबर सोडणे सुरक्षित. टायरमध्ये नायट्रोजन भरणारी दुकाने आता जागोजागी आहेत.

जळगाव-धुळे मार्गावर पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी येथील लहान गॅरेजांना असे यंत्र परवडेलच असे नाही. त्यांना पाण्याच्या स्तंभाची जुनी पद्धत उपयोगी पडते. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात पाणी भरतात आणि तिचे एक तोंड वाफेच्या नळीला जोडतात. डब्याची श्वासनळी बुचाने बंद करून रक्तदाबाच्या यंत्रातील रबरी फुग्याने हळूहळू हवा भरतात. दोन्ही बाजूंच्या पाण्यात वीसएक सेंटिमीटरचे अंतर पडले की थांबावे. पातळी दोन मिनिटे टिकली तर गळती नाही. उतरू लागली तर सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे कोठे येतात ते पाहावे. ही परीक्षा सावलीत आणि गाडी थंड असताना करावी, नाहीतर टाकीतील वाफच पातळी वर ढकलते. टायरमध्ये हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरचा पाइप या नळ्यांना कधीही जोडू नये. हवेच्या नेहमीच्या दाबावर शेकडा दोन-तीन भाग एवढाच अधिक दाब गृहीत धरून ही रचना केलेली असते. कॉम्प्रेसरचा सात-आठ किलो दाब डबा फोडतो, प्रसंगी टाकीही.

अपघात टाळण्यासाठी

हे सर्व काम उघड्यावर, बॅटरीची तार काढून आणि जवळ कोरड्या भुकटीचे अग्निशामक ठेवून करावयाचे आहे. गॅरेजातील खड्ड्यात उतरून ते करणे सर्वांत वाईट, कारण जड वाफ तेथेच उतरते. पहाटे बंद गॅरेजात वास आला, तर दिव्याचे बटण दाबण्यापूर्वी दार उघडावे आणि वास निवळू द्यावा.

रस्त्यात टाकीला छिद्र पडल्यास त्यावर ओला साबण दाबून गाव गाठण्याची रीत महामार्गावर जुनी आहे. ती गाव गाठण्यापुरतीच ठीक. तेथून पुढे टाकीला वेल्डिंग करून घेण्याचा मोह होतो. तो प्राणघातक ठरू शकतो. पेट्रोल ओतून रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की तिला पेट घेण्यास हवा अपुरी पडते. रिकाम्या टाकीत हवा शिरते आणि मिश्रण नेमके स्फोटाच्या मर्यादेत येते. चार दिवस उन्हात वाळवलेल्या टाकीच्या सांध्यांतही पेट्रोल उरलेले असते. छिद्र पडलेली टाकी बदलणे महाग वाटले, तरी तोच मार्ग पत्करावा.

दुरुस्तीनंतर लगेच वास गेला नाही म्हणून मिस्त्रीला दोष देण्याचे कारण नाही. डब्यातील कोळशाने आधीची वाफ धरून ठेवलेली असते आणि इंजिन काही काळ सलग चालल्याशिवाय ती निघत नाही. बाजारापुरत्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते गरमही होत नाही. जळगावहून धुळ्यापर्यंतचा सुमारे ९० किलोमीटरचा एक प्रवास त्यासाठी पुरेसा ठरतो. त्यानंतर टाकी नळी आपोआप बंद होईपर्यंतच भरावी, गाडी दुपारभर उन्हात ठेवावी आणि रात्री बंद जागेत लावून सकाळी पुन्हा वास पाहावा. तरीही वास कायम असेल आणि नळ्या, झाकण, व्हॉल्व्ह हे सारे तपासून झालेले असेल, तर डबाच बदलण्याची वेळ आलेली असते.